‘बहार आला दारी’चं शूटिंग

१९८७ सालची दिवाळी झाल्यावरचा पहिला रविवार. स्थळ पांढुर्णा, सदाशिव मास्तरांची ओसरी. जमा झालेली रक्कम अकरा हजार रुपये. हजर होते सदाशिव मास्तर, नाटक मंडळाचे सहा सभासद, कॅमेरा घेऊन नामदेव कळंबे, आणि ज्याच्या हाती रक्कम दिली तो मी. मी तेव्हा एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहीत होतो. गावात कुठेही वर्गणी जमली की ती सांभाळायला माझ्याकडे यायची. या वेळची वर्गणी सिनेमासाठी होती.

मास्तर दरवर्षी एक नाटक बसवायचे. त्या वर्षी त्यांनी जाहीर केलं, “नाटक रात्रीत संपतं. सिनेमा कॅसेटमध्ये राहतो.” कथा त्यांचीच. संत्र्याच्या बगीच्याच्या मालकाची मुलगी आणि त्या बगीच्याचा गरीब राखणदार यांचं प्रेम. नाव ‘बहार आला दारी’. नायक मंडळातला दिगंबर, ज्याचं कापडाचं दुकान होतं. आणि पांढुर्ण्यात व्हिडिओ कॅमेरा होता एकच, नामदेवभाऊंचा. तो त्यांनी लग्नं काढायला नागपुरातून जुना विकत आणला होता.

त्या दिवशी सगळं ठरल्यावर नामदेवभाऊ म्हणाले, “मास्तर, माही एक अट आहे. सिनेमात नाव टाकसान तं ‘फोटो, नामदेव’ असं नाही टाकाचं. कॅमेरामन टाकाचं.”

“टाकू ना, नामदेव.”

“मोठ्या अक्षरात. माह्या सासऱ्याले चष्मा नाही.”

सगळे हसले. पण ते थट्टेत बोलत नव्हते हे आम्हाला ठाऊक होतं.

नामदेवभाऊ आधी पाटबंधारे खात्यात होते. पक्की नोकरी. ती पाहूनच सौंसरच्या माणिकरावांनी आपली सुमन त्यांना दिली होती. माणिकराव म्हणजे सौंसरकडचे चांगले बागाईतदार, आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. लग्नानंतर काही वर्षांनी नामदेवभाऊंनी नोकरी सोडून स्टुडिओ उघडला, आणि त्या दिवसापासून सासऱ्याने जावयाच्या घरात पाय ठेवला नाही, जावयाला घरी बोलावलंही नाही. सुमनताई सणाला मुलांना घेऊन एकटीच माहेरी जायची. नामदेवभाऊ तिला सौंसरच्या बसमध्ये बसवून द्यायचे आणि बस दिसेनाशी होईपर्यंत उभे राहायचे. सासरे बाजारात उघड म्हणायचे, “म्या पोरगी सरकारले देली होती. फोटोवाल्याले नाही देली.”

नामदेवभाऊंना त्याचा राग नव्हता. ते म्हणायचे, “म्हाताऱ्यानं माहं काम पाह्यलंच नाही ना, भाऊ. एकदा पाह्यलं पाह्यजे, बस.”

आता त्यांच्या कामाविषयी. ते आधी फोटोवाले होते आणि कॅमेरा व्हिडिओचा घेतला तरी त्यांचा मूळ स्वभाव गेला नाही. माणसांना समोर उभं करून म्हणायचे, “हालू नका, पण जिवंत दिसा.” त्यामुळे त्यांच्या पहिल्या दोन-तीन लग्नांच्या कॅसेटमध्ये वऱ्हाडी खांबासारखे उभे आहेत आणि मागे फक्त मांडवाची झालर हलते आहे. रस्त्यात भेटले तरी आधी डावा डोळा मिटून आपल्याकडे पाहायचे आणि मगच ओळख द्यायचे. कॅमेऱ्याच्या बॅटरीला सुमनताईने जुन्या लुगड्याची झबल्यासारखी पिशवी शिवली होती. थंडीत ते बॅटरी पोटाशी धरून बसायचे, गार पडली तर लवकर उतरते म्हणून. कॅमेरा चालू झाला की पुढे एक लाल दिवा लागायचा. त्याच्यावर त्यांनी काळी पट्टी चिकटवून टाकली होती. “दिवा दिसला का लोकं पोट आत घेतात,” असं त्यांचं म्हणणं.

आणि त्यांचं एकच ब्रीद होतं. “कोणी सुटला नाही पाहिजे.”

हे ब्रीद मोहगावच्या एका लग्नानं त्यांना शिकवलं. तिथे मंगलाष्टकांच्या वेळी नेमकी वीज जाऊन अंधार झाला, आणि वीज येईपर्यंत नवरीच्या मागे उभा असलेला मामा तिथून निघून गेला होता. कॅसेट तिथेच लावून पाहिली तर मामा कुठेच नाही. मामाने रुसून जेवण सोडलं. “मले काढून टाकलं का घरातून?” असं तो मांडवभर विचारत फिरला. शेवटी नवरी-नवरदेवाला पुन्हा पाटावर उभं केलं, मध्ये अंतरपाट धरला आणि मामाला मागे उभं केलं. पण भटजी म्हणाले, “एका दिवशी एकाच जोडप्याचं दोनदा लग्न मी लावणार नाही, दोष लागतो.” खूप मनधरणी झाल्यावर ते नुसते ओठ हलवायला तयार झाले. ती कॅसेट मी पाहिली आहे. भटजींचा आवाज नाही, वाजंत्र्यांचा आवाज आहे, आणि मामा इतका ताठ उभा आहे की लग्न त्याचंच असावं. तेव्हापासून नामदेवभाऊंच्या कॅमेऱ्यातून लग्नाला आलेली म्हातारी, पाणी वाढणारा, चुलीवरचा आचारी, कोणी सुटत नसे. शेवटची पंगत उठेपर्यंत ते स्वतः जेवत नसत.

अशा माणसाच्या हाती मास्तरांनी आपला सिनेमा दिला.

शूटिंग सौंसरजवळच्या एका बगीच्यात ठेवलं होतं. योगायोग असा की त्याला लागूनच माणिकरावांचा बगीचा, मध्ये फक्त एक धुरा, म्हणजे बांध. माणिकरावांनी पहिल्याच दिवशी निरोप पाठवला, “धुऱ्याच्या इकडं कॅमेऱ्याचा पाय पडला तं कॅमेरा विहिरीत जाईन.” नामदेवभाऊंनी निरोप्याला चहा पाजला आणि त्याचाही फोटो घेतला.

झाडं संत्र्यांनी लगडलेली होती, ऊन छान होतं, आणि सौंसर, मोहगाव, आजूबाजूची खेडी मिळून बघ्यांची जत्रा लोटली होती. मास्तर पुठ्ठ्याचा भोंगा घेऊन ओरडायचे, “चालू!” दिगंबर नायिकेला म्हणायचा, “राधा, हा बगीचा साक्षीला आहे.” आणि कॅमेरा हळूच वळून त्या साक्षीदारांकडे जायचा.

“नामदेव! कॅमेरा इकडे!”

“मास्तर, ते बाबा दोन कोस पायी आले. त्याईचा नाही घ्याचा?”

“अरे हा सिनेमा आहे! लग्न नाही!”

“लग्नात तं लोकं जेवून जातात, मास्तर. हे तं उपाशी उभे आहेत.”

मास्तर भोंगा आपटायचे, आणि नामदेवभाऊ तो भोंगा आपटतानाचाही घ्यायचे. मला त्यांनी जेवणाचे डबे मोजताना घेतलं. दिगंबरच्या तोंडाला पावडर लावताना त्याची बायको आली आणि नायिकेकडे पाहत त्याला “घरी ये, मंग सांगतो” म्हणाली, तेही घेतलं. मी एकदा विचारलं, “नामदेवभाऊ, हे सगळं कॅसेटवर कशाला? कॅसेट फुकट आहे का?”

“भाऊ,” ते डोळा न काढता म्हणाले, “हे लोकं उद्या इचारतीन ना, मी कुठी आहो म्हणून.”

सगळ्यात मोठा घोटाळा पांढुर्णा स्टेशनवर झाला. कथेच्या शेवटी नायक गाव सोडून गाडीत चढतो आणि नायिका फलाटावर धावत येते. गाडी थोडाच वेळ थांबते, त्यामुळे हे एकाच फटक्यात व्हायला हवं होतं. गाडी आली. मास्तरांनी “चालू!” म्हटलं. दिगंबर ट्रंक घेऊन चढला. तेवढ्यात शेजारच्या खिडकीतून एका म्हाताऱ्या प्रवासिणीने विचारलं, “काय वो, आमाले बी घेता का?” नामदेवभाऊ नाही म्हणू शकले नाहीत. त्यांनी तिला घेतलं, मग तिच्या नातवाला, मग पुढच्या खिडकीतल्या दोन शिपायांना. तोवर गाडी सुटली. नायिका धावली, पण कॅमेरा शिपायांवर होता. आणि दिगंबरला उतरायचं सुचलं नाही, कारण मास्तरांनी “थांबा” म्हटलं नव्हतं. तो थेट नरखेडला उतरला, तोंडाला पावडर, डोळ्यात काजळ, खिशात तिकीट नाही. तिकीट तपासनिसाला त्याने सांगितलं, “मी सिनेमाचा हिरो आहे.” तपासनीस म्हणाला, “मग दंडही हिरोसारखाच भरा.”

संध्याकाळच्या गाडीने परत येऊन त्याने पहिला प्रश्न केला, “मी चढलो ते आलं ना?”

नामदेवभाऊ म्हणाले, “तुम्ही नाही आले, दिगंबरभाऊ. पण ती म्हातारी काय हासली म्हणून सांगू!”

मग मास्तरांच्या ओसरीवर बैठक झाली. मी हिशेब मांडला. पेटीत पुन्हा शूटिंग करायला पैसा नव्हता. नामदेवभाऊंनी खाली मान घालून सांगितलं की गोष्टीचा भाग सगळा मिळून जेमतेम अर्धा तास आहे आणि त्याला शेवट नाही. बाकीचं जे आहे ते शूटिंगचं शूटिंग आहे. पण खेळाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि वर्गणीदारांपैकी एकानेही गोष्टीचं विचारलं नाही. प्रत्येकाने आपण किती वेळ दिसतो एवढंच विचारलं.

“जोडून टाक,” मास्तर शेवटी म्हणाले. “जसं आहे तसं जोडून टाक. वर लिही, ‘बहार आला दारी’चं शूटिंग.”

नामदेवभाऊ कॅसेटा घेऊन नागपूरला गेले, तिथे लग्नाच्या कॅसेटा जोडणाऱ्या माणसाकडे बसले आणि खेळाच्या दिवशी सकाळीच परतले. जोडलेली कॅसेट आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती.

खेळ आमच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात होता. कापसाचा हंगाम उतरला होता. टेबलावर टेबल चढवून वर टीव्ही आणि व्हिडिओचं मशीन ठेवलं. एका बाजूला बाया, एका बाजूला माणसं. सुमनताई नवं लुगडं नेसून पुढे बसली होती आणि दर मिनिटाला दाराकडे पाहत होती. सौंसरकडची एक जीपभर मंडळी आली, आणि त्यांच्या मागून, कोणाबरोबर नाही असं दाखवत, माणिकराव आले. मी त्यांना मागची खुर्ची दिली.

“बाजारात काम होतं,” ते मला म्हणाले. “दलालाकडं. आलो तं म्हटलं पाहून घ्यावं काय तमाशा आहे.”

“तुमच्या धुऱ्याजवळच तर झालं शूटिंग.”

“म्या नाही पाह्यलं बाप्पा. त्या तिकडं फिरकलोही नाही.”

खेळ सुरू झाला. नावं आली. ‘कॅमेरामन, नामदेव कळंबे’ हे इतक्या मोठ्या अक्षरात आलं की ‘कळंबे’ला खालच्या ओळीत जावं लागलं. नागपूरच्या त्या माणसाने सवयीने दोन्ही बाजूंनी फुलं सोडली होती. पहिल्या दहा मिनिटांतच लोक खूश झाले. पडद्यावर मास्तर ओरडायचे आणि गोदाम हसायचं. ज्याचा चेहरा यायचा तो उठून उभा राहायचा. दिगंबरची बायको आली तेव्हा बायकांच्या बाजूने टाळ्या पडल्या. मास्तर आधी मान खाली घालून बसले होते, नंतर तेही हसायला लागले.

आणि मग धुरा आला. धुऱ्यावर हाती फावडं घेऊन माणिकराव उभे होते. झाडांना पाणी द्यायचं निमित्त, पण पाटात पाणी नव्हतं. मास्तर नायिकेच्या बापाचं काम करणाऱ्या माणसाला सांगत होते, “रागावून बोला!” तो बिचारा मुनीमगिरी करणारा, त्याला राग येतच नव्हता. तीन वेळा झालं. चौथ्यांदा माणिकरावांनी फावडं टाकलं आणि धुरा ओलांडून तडक आत आले.

“अबे असा मेल्यासारखा काय बोलून राह्यला! पोरीचा बाप हाय ना तू? छाती काढ! असं म्हण.” आणि त्यांनी दिगंबरच्या नाकाशी बोट नेलं. “माही पोरगी म्या तुह्यासारख्याले देणार नाही! जा! पुन्हा या उंबऱ्यात दिसला तं तंगडं मोडीन!”

दिगंबर खरोखरच दोन पावलं मागे सरला. पडद्यावरच्या बघ्यांनी टाळ्या दिल्या, मास्तर भोंगा काखेत धरून हात जोडत होते. माणिकरावांनी मिशीवर हात फिरवला आणि इकडे तिकडे पाहून विचारलं, “कॅमेरा बंद हाय ना?” मास्तर म्हणाले, “बंद आहे.” लाल दिव्यावर तर पट्टीच होती.

त्या दिवशी मी डबे आणायला सौंसरला गेलो होतो, म्हणून मला हे माहीत नव्हतं. नंतर कळलं की जे हजर होते त्यांना माणिकरावांनी संत्र्याच्या झाडाला हात लावून कुठे न बोलण्याची शपथ घ्यायला लावली होती.

गोदाम नुसतं उसळलं. सौंसरची जीपभर मंडळी मागे वळून पाहू लागली. एक जण ओरडला, “माणिकराव, एकदा आमच्याही पोरीकडून बोला!” माणिकराव उठले. टोपी नीट केली. कोणाकडेही न पाहता दाराबाहेर गेले. सुमनताई उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. नामदेवभाऊ मशीन सोडून मागे धावले आणि थोड्या वेळाने एकटे परत आले.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“मागं वळूनही पाह्यलं नाही. बोलले असते तं बरं होतं.” मग म्हणाले, “मले वाटलं, इतकं सुंदर काम केलं म्हाताऱ्यानं, ते कसं काढून टाकू, भाऊ? मले वाटलं त्याले आवडन.”

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. सौंसरहून निरोप नाही, चिठ्ठी नाही, मुलांना सुट्टीत आजोळी न्यायलाही कोणी आलं नाही. नामदेवभाऊ त्या हंगामात लग्नाला जायचे, नवरा-नवरीवर कॅमेरा रोखायचे आणि दुसरीकडे वळवायचेच नाहीत. लोकांच्या तक्रारी माझ्यापर्यंत येऊ लागल्या. एका नवरीच्या आत्याने मला भर रस्त्यात विचारलं, “तुमच्या नामदेवले दिसणं कमी झालं का जी?”

मग धोंड्याचा महिना लागला. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावून अनारशांचं वाण द्यायची रीत आहे, पण स्टुडिओ उघडल्यापासून नामदेवभाऊंचे धोंडे असेच कोरडे गेले होते. एका दुपारी माणिकरावांचा मुलगा मोटारसायकलवर स्टुडिओत आला. मीही तिथेच होतो.

“बाबानं धोंड्याच्या जेवणाले बोलावलं,” तो म्हणाला. नामदेवभाऊ उठून उभे राहिले. “अन् टीव्ही, ते मशीन, ते कॅसेट, सगळं घेऊन या म्हणे. अन् तो हिशेबवाला. त्यालेही आणा.”

“कॅसेट काहून?” नामदेवभाऊंनी कपाटापुढे उभं राहत विचारलं. “विहिरीत टाकतात का?”

मुलगा हसला. “भाऊजी, पांढुर्ण्याच्या बाजारात दलाल लोकं बाबाले ते वाक्य बोलल्याशिवाय भावच सांगत नाहीत. अन् सौंसरात ज्यानं नाही पाह्यलं तो घरी येऊन राह्यला. आई म्हणते, सगळ्यांनी पाह्यलं, मीच नाही पाह्यलं.”

आम्ही गेलो. जेवण झालं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, मग तांब्याच्या ताटात अनारसे आणि दिवा, आणि जावयाला नवा शर्टपीस. नामदेवभाऊंनी किती धोंडे खाल्ले हे त्यांनाच कळलं नसावं, कारण सासूबाई वाढत गेल्या आणि ते खात गेले.

मग अंगणात टीव्ही लागला. सगळी गल्ली जमली होती. माणिकराव टीव्हीच्या बाजूला खुर्ची टाकून, हाती काठी घेऊन बसले. मास्तरांची गोष्ट आली की म्हणायचे, “हे पुढं ढकल, यात काही नाही.” आणि धुरा जवळ आला की काठी वर करायचे. “चूप! आता येतो. आता पाहा, आता येतो.” तो भाग तीनदा लावावा लागला. सासूबाई पदराआड हसून हसून खोकल्या. म्हणाल्या, “घरात बोलता तसंच बोलले. त्यात काय ॲक्टिंग?”

गल्ली पांगल्यावर नामदेवभाऊ वायरी गुंडाळत होते. माणिकराव माझ्याकडे आले.

“टीव्हीचं, मशीनचं भाडं काय होते? अन् एक कॅसेट मले पाह्यजे, तिचे किती?”

“मामाजी, घरचं काम आहे,” नामदेवभाऊ वायर टाकून धावत आले. “असं काय करता जी?”

“तू चूप. म्या त्याले इचारून राह्यलो.”

नामदेवभाऊ माणिकरावांच्या मागून मला डोळ्याने खुणावत होते, की काहीतरी थोडंसं सांग, नाहीतर सांगूच नको. पण मला विचारलं की मी खरं तेच सांगतो. भाडं सव्वाशे आणि कॅसेटची प्रत पंचाहत्तर. माणिकरावांनी बंडीच्या आतल्या खिशातून पैसे काढून मोजले.

“मामाजी, ताटावर दिलं ना तुम्ही.”

“ते जावयाले देलं,” माणिकराव म्हणाले. “हे व्हिडिओवाल्याले देऊन राह्यलो. घे. अन् पावती दे, सही घालून. उद्या कोणी म्हणन माणिकरावानं फुकटात काढून घेतलं.”

पावतीपुस्तक नव्हतंच. मी माझ्या डायरीचं एक पान फाडून दिलं. त्याच पावसाळ्यात मला अमरावतीच्या जिनिंगमध्ये काम मिळालं आणि मी पांढुर्णा सोडलं, त्यामुळे नामदेवभाऊ डोळ्यांसमोर आले की ते मला त्या अंगणातच दिसतात. टीव्हीच्या खोक्यावर कागद ठेवून, पोट इतकं भरलेलं की नीट वाकताही येत नाही, तसे ते पावती लिहीत आहेत. सुमनताई कंदील धरून उभी आहे. माणिकराव, चष्मा नसलेले, शेजारी वाकून प्रत्येक अक्षर तपासत आहेत.

रोख दोनशे रुपये. देणार माणिकराव, सौंसर. घेणार नामदेव कळंबे, पांढुर्णा.